चाळीस मिनिटांचा रविवार

नुकुआलोफा
सोमवार, ५ ऑगस्ट १९९६

मेलेआनेताईंना,

धाकट्या भावाचा, लिसियातेचा, नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. दाजी आणि मुलंही तिकडे खुशाल असतील, देवाकडे तेवढंच मागतो.

तुमचं पत्र शनिवारच्या विमानाने आलं आणि आज हातात पडलं. तीन पानं आहेत. पहिल्या दोन पानांचं उत्तर लगेच देतो. तिसऱ्याचं सवडीने.

सेइनीचा गुडघा आता बरा आहे. चर्चच्या गायनात ती पुन्हा पुढच्या रांगेत उभी राहते आणि घरी आल्यावर मागच्या रांगेतल्या बायकांचे सूर काढून दाखवते. मुलांची परीक्षा झाली. थोरल्याला भूगोलात सर्वांत कमी गुण मिळाले. आत्या म्हणाली, "विमानांचे मार्ग आखणाऱ्या बापाच्या पोटी जन्मून भूगोलात नापास? मग आपली विमानं बरोबर जागी कशी उतरतात?"

आत्याची तब्येत उत्तम, जीभ त्याहून उत्तम. अजून बाबांच्या सुतकाच्या काळ्या कपड्यात आहे आणि कमरेला ती मोठी फाटकी चटई गुंडाळते. मी म्हटलं, धाकट्या भावासाठी थोरल्या बहिणीने एवढं करायचं नसतं. तर म्हणते, "माझ्या भावासाठी मी काय करावं, हे तू मला शिकवणार?" कोलोवाईच्या शेतात यंदा उफी कंद चांगले लागलेत. बाबांनी शेवटची लावलेली ओळ तशीच ठेवलीय. ती तुम्ही आल्यावर काढू.

आता ऑफिसचं. विचारलं नसतंत तर बरं झालं असतं.

ताई, आपल्या कंपनीकडे एक विमान आहे. एक! सगळ्या कटकटींचं मूळ एवढंच. त्या एका विमानाने मी ऑकलंडही गाठायचं, शेजारच्या देशांतलं नांदीही, आपियाही आणि आठवड्यातून एकदा तुमचं होनोलुलूही. एका चादरीत पाच भावंडं झोपवायची तसं. याच्या पायावर ओढली की त्याचा खांदा उघडा पडतो. आत सीट एकशे तीस, पण होनोलुलूला सात तास, आणि तिथे उतरता आलं नाही तर दुसरीकडे जाण्यापुरतं तेलही घ्यायचं, म्हणून माणसं न्यायची नव्वद. बाकीच्या चाळीस सीट हवा खातात. त्यात आपली माणसं. ज्या कुणी माणशी सत्तर किलो धरून पुस्तक लिहिलं, त्याने आपल्या काकांना पाहिलेलं नाही. जाताना चटया आणि झाडाच्या सालींची कापडं, येताना डबाबंद मटणाची खोकी. डिसेंबरात येणारं विमान ठासून भरलेलं आणि जाणारं रिकामं. जानेवारीत बरोबर उलटं. दोन्हीकडून भरलेलं विमान मी आठ वर्षांत चारदा पाहिलं, आणि त्यातलं एक राजघराण्यातल्या लग्नाचं होतं.

आणि या देशात ज्याला त्याला विमान कुठे न्यावं ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. परवा कावा प्यायला बसलो तर शेजारचे काका म्हणतात,

"लिसियाते, सॉल्ट लेकला थेट विमान का सोडत नाहीस रे? माझे तीन भाऊ तिकडे आहेत."

"तीन भावांवर विमान भरत नाही, काका."

"मग त्यांच्या बायकाही धर!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. पण घरी येताना डोकं भणभणत होतं.

आता बोर्डाने ऑकलंडहून सल्लागार आणलाय. ग्रॅहम त्याचं नाव. माणूस वाईट नाही, उन्हात फार लाल होतो एवढंच. त्याने भिंतीवर जगाचा नकाशा लावला. त्यात आपण डाव्या कडेला आणि ऑकलंड उजव्या कडेला. तीन तासांवरचं ऑकलंड दाखवायला त्याने रेघ कागदाबाहेर नेली आणि खुर्ची सरकवून दुसऱ्या टोकाने आत आणली. मग मला विचारतो, "रविवारी विमान दिवसभर उभं का असतं?" मी म्हटलं, रविवारी या देशात पोहणंसुद्धा मना आहे. शनिवारी रात्री बारानंतर इथे चाक टेकत नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. मग त्याने तारखेचं विचारलं. मी सांगितलं की आपलं विमान शनिवारी सकाळी सहाला निघतं, मधे तारीखरेषा ओलांडतं आणि होनोलुलूला शुक्रवारी दुपारी दोनला पोचतं. तिथून चारला परत निघतं आणि इथे शनिवारी रात्री दहाला येतं. त्याने पेन खाली ठेवलं आणि पाणी मागितलं.

त्याचा निष्कर्ष तयार आहे. होनोलुलू बंद करा. मागणी नाही. गेल्या सप्टेंबरपासून तिकडची तिकिटं निम्म्यावर आली आहेत, आकडे खरे आहेत. विमान ऑकलंडला रोज पाठवा. बोर्डाची बैठक २८ ऑगस्टला आहे आणि त्याआधी माझा कागद हवाय. चालू ठेवायचं की बंद, कारणांसह.

हा मार्ग सुरू करायला मी तीन वर्षं घासली, ताई. आपल्या माणसाला तुमच्याकडे यायचं तर नांदीला एक मुक्काम, आपियाला एक मुक्काम, तोवर सोबत नेलेलं लू, पानांत शिजवलेलं मटण, नासून जायचं. आता तोच मार्ग मी बंद करा म्हणून लिहायचं. लिहायला बसतो आणि उठतो.

तुम्ही लिहिलंय की बाबांचं वर्ष भरेल तेव्हा काळे कपडे उतरवायला याल, आणि याल ते शुक्रवारच्याच विमानाने. तिकीट काढायची घाई करू नका. का, ते पुढे लिहितो. तिसऱ्या पानाचंही पुढेच.

सेइनी आणि मुलांचा नमस्कार.

तुमचा,
लिसियाते


कोलोवाई
रविवार, ११ ऑगस्ट १९९६

मेलेआनेताई,

रविवारी लिहायला बसलोय. देव माफ करो. घरची सगळी दुपारच्या चर्चला गेलीत. मी पोट दुखतंय म्हणून मागे राहिलो. खोटंच आहे, पण माझ्या बाकीच्या खोट्यापुढे ते अगदीच किरकोळ आहे.

तुमचं तिसरं पान मी शर्टाच्या खिशात ठेवलंय. तुम्ही लिहिलंय, "गेल्या वर्षी जे झालं ती देवाची इच्छा. तू मंत्र्यांना विचारलंस, विनवलंस, तुझ्या परीने सगळं केलंस. एवढं करणारा भाऊ मला आहे याबद्दल मी रोज आभार मानते."

हे सहा दिवस खिशात घेऊन फिरतोय. याहून तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

हे बोलून सांगता आलं नसतं. तुम्ही थोरली बहीण. तुमच्यासमोर मी बसत नाही, फोनवरही सेइनी बोलते आणि मी मागून "विचार, विचार" करतो. आपल्याकडे भावा-बहिणीत हा जो आदर आहे ना, त्याच्याआड मी वर्षभर छान लपलो. आज लिहितो. शेवटपर्यंत वाचा.

तुम्हाला माहीत नाही की बाबांनी निरोप कसा दिला. तुम्ही चर्च बदललंत, लग्न करून तिकडे गेलात, आणि बाबा अकरा वर्षं तुमचं नाव न घेता जगले. जेवणाआधीच्या प्रार्थनेत सगळ्या मुलांची नावं यायची, तुमच्या जागी ते थोडं थांबायचे. मग पुढे जायचे. आम्हाला त्या थांबण्याची सवय झाली होती. गेल्या सप्टेंबरात डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "तुझं ते विमान होनोलुलूला जातं ना?"

"जातं, बाबा."

"मग तिला आण."

एवढंच. मी बाहेर जाऊन विहिरीपाशी रडलो. तो मार्ग मी बोर्डाला बाजार दाखवून मिळवला होता. अमुक इतके लोक, तमुक इतका माल. खरं सांगू? माझा बाजार एका माणसाचा होता. कधीतरी बाबा हे वाक्य बोलतील आणि तेव्हा विमान हवं, म्हणून मी ते सगळं रचलं होतं.

आणि मीच ते बिघडवून ठेवलं होतं.

कंपनीचा एक नियम आहे. रविवारच्या आधीचं शेवटचं विमान असं आखायचं की मध्यरात्रीला चार तास शिल्लक राहावेत. कुठे उशीर झालाच तर तेवढा उशीर पोटात घालता यावा. बोर्डाला दिलेल्या कागदात मी चार तास दाखवले होते. पहाटे चारला निघणार, रात्री आठला परत. पण त्याच रात्री विमान ऑकलंडहून दोन वाजता येतं. दोन तासांत ते झाडायचं, तपासायचं, तेल भरायचं, माल चढवायचा, आणि आपली माणसं निरोप घ्यायलाच दोन तास लावतात. पहिल्या महिन्यात दर फेरीला बोंब. मग मी स्वतःच्या सहीने निघायची वेळ सहाची केली. चिठ्ठीवर लिहिलं, 'तात्पुरतं'. बोर्डाला कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं की मग चार तासांचं काय, आणि याला उत्तर एकच होतं, ऑकलंडची शुक्रवारची फेरी काढा. ती फेरी म्हणजे कंपनीचं दुभतं जनावर. तिला हात लावण्याऐवजी त्यांनी होनोलुलूच मोडीत काढलं असतं. म्हणून चाराचे दोन तास झाले आणि ते दोन तास माझ्या कपाटातल्या फाइलमध्ये राहिले.

फेआओने मला सावध केलं होतं. आमच्याकडे विमानांच्या निघण्या-पोचण्याचा हिशेब ठेवणारा तो म्हातारा, तुम्ही ओळखता, बाबांबरोबर शाळेत होता. म्हणाला, "पोरा, तिकडचा शुक्रवार लांबला की इकडचा रविवार होतो. मधला शनिवार कुणाच्या हाती लागत नाही." मी म्हटलं, "काका, दोन तास पुष्कळ झाले." तो म्हणाला, "बघ बाबा. विमान तुझं, रविवार देवाचा."

त्या शुक्रवारी तुमच्याकडे तेलाची गाडी उशिरा आली. मग सामान जास्त झालं म्हणून खोकी उतरवून पुन्हा वजनं केली. हे तुम्ही पाहिलंतच. विमान निघालं ते दोन तास चाळीस मिनिटं उशिरा. चार तास असते तर तुम्ही इथे शनिवारी रात्री दहा चाळीसला उतरला असतात. बाबा जागे होते, ताई. नवा सदरा घालून मागितला होता. पण शिल्लक दोनच तास होते, म्हणून तुमचं उतरणं मध्यरात्र उलटून रविवारी बारा चाळीसला येत होतं.

चाळीस मिनिटांचा रविवार. तेवढ्यासाठी तुम्हाला नांदीला नेलं आणि अख्खा दिवस त्या हॉटेलात बसवून ठेवलं.

इथवरचं कदाचित तुम्ही माफ कराल. वेळापत्रक आहे, चुकतं. पुढचं वाचा.

मरणाच्या दारातल्या माणसासाठी मंत्री रविवारी विमान उतरवायची परवानगी देऊ शकतात. याआधी एकदा दिली होती, बाळंतिणीसाठी. शनिवारी संध्याकाळी सहाला, तुमचं विमान नुकतंच तिकडून उडालं होतं, तेव्हा मी ऑफिसातून त्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. म्हणाली, "हॅलो, कोण बोलतंय?"

आणि माझ्या डोक्यात पुढचं सगळं आलं. मंत्री विचारतील, उशीर किती? दोन चाळीस. मग नियमाचे चार तास कुठे गेले? ते बोर्डाच्या अध्यक्षांना फोन करतील, फाइल उघडेल, 'तात्पुरतं' आणि खाली माझी सही. मार्ग बंद, मीही बंद.

ती पुन्हा म्हणाली, "कोण बोलतंय?"

मी फोन ठेवला.

नाव सांगितलं नाही. विचारलं नाही. विनवलं तर मुळीच नाही. मी ऑफिसला कुलूप लावलं, घरी आलो, ओसरीवर आत्या वाट बघत होती, तिला म्हटलं, "विचारलं. नाही म्हणाले." तीच गोष्ट नंतर सगळ्यांना सांगितली. तुम्हालाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी डोळे उघडले. चर्चमधून गाणं ऐकू येत होतं. म्हणाले, "विमान आलं का?"

मी म्हटलं, "येतंय, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं चर्चची घंटा वाजवलेला माणूस. म्हणाले, "आज रविवार आहे. रविवारी कसं येईल?"

त्यानंतर ते बोलले नाहीत. तीनला गेले. तुम्ही सोमवारी सकाळी आलात, तेव्हा मयताच्या रीतीप्रमाणे आत्या तुमचे केस कापत होती आणि मी मागच्या अंगणात स्वयंपाकाच्या उमुच्या खड्ड्यात दगड तापवत होतो. लोक म्हणाले, बघा, पोरगा धुरातून हलत नाही, किती दुःख झालंय. धुरात डोळे लाल होतात आणि कुणी कारण विचारत नाही, म्हणून मी तिथे होतो.

या खोट्याचे पाय पुढे किती लांब गेले तेही सांगतो. मंत्र्यांच्या बायकोने अंत्ययात्रेला बारीक विणीची मोठी चटई स्वतः आणली होती. आत्याने सगळ्या गावासमोर ती तिच्या हातात परत दिली. आपल्याकडे मयताची चटई परत करणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. ती बाई चटई छातीशी धरून भर उन्हात चालत गेली. मी बघत होतो. आजही आत्या चर्चमध्ये ती जवळून गेली की आपली चटई आवरून घेते. आणि ती बिचारी अजून विचार करत असेल, आपलं चुकलं काय?

ग्रॅहमचा नकाशा, तेलाचा भाव, चाळीस रिकाम्या सीट, यांवर मी दिवसभर चिडत असतो. चिडायला ते बरं पडतं. पण आकडे निम्म्यावर आले ते मागणी नाही म्हणून नाही. तुमच्यानंतर आणखी तीनदा विमान नांदीला गेलं. एक लग्न हुकलं, दोन मयतं हुकली. तिकडची आपली माणसं आता शुक्रवारच्या विमानाला 'नांदीचं विमान' म्हणतात, असं ऐकतो. कोण चढेल त्यात?

चर्च सुटलं. मुलांचे आवाज येतायत. मी उठतो.

लिसियाते


नुकुआलोफा
सोमवार, २ सप्टेंबर १९९६

मेलेआनेताई,

माझं मागचं पत्र १७ तारखेच्या विमानाने गेलं. त्यानंतर दोन विमानं आली, तुमचं उत्तर आलं नाही. पोस्टातली मुलगी मला बघितल्याबरोबर मान हलवते. रागावलो नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही लिहिलं नसतं. काय झालं ते कळवणं माझं काम आहे, म्हणून लिहितो.

बैठकीच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर दोन कागद होते. एकात लिहिलं होतं, होनोलुलूला मागणी नाही, बंद करावं. तो दिला असता तर फाइल कायमची मिटली असती आणि माझी खुर्ची जिथल्या तिथे. दुसऱ्यात खरं होतं. दोन्ही मी स्वतः टाइप केले होते. दुसऱ्याच्या वेळी तीन पानं वाया गेली.

बुधवारी दुसरा दिला.

अध्यक्षांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "लिसियाते, हे सगळं कशाला लिहिलंस? कुणी विचारलं होतं का?"

"नाही. कुणी विचारलं नाही म्हणूनच इतके दिवस चाललं."

"नोकरीचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय. पण होनोलुलूची चूक नाही, चूक माझी आहे. शिक्षा मला करा, मार्गाला नको."

ग्रॅहम माझ्याकडे वळून म्हणाला, "एक वर्ष तू मला चुकीच्या आकड्यांवर का राबवलंस?" मी म्हटलं, "तू दोन महिन्यांपूर्वी आलास." तो म्हणाला, "मला वर्ष वाटतंय." त्याच्या तोंडून एवढा विनोद मी पहिल्यांदा ऐकला. मग त्यानेच पेन्सिल घेतली. ऑकलंडची शुक्रवारची फेरी शनिवारी सकाळी ढकलली, होनोलुलूहून निघायचं गुरुवारी दुपारी बारा, इथे शुक्रवारी संध्याकाळी सहा. आता चार तास काय, अख्खा शनिवार शिल्लक राहतो. कंद पाठवणारे शेतकरी खवळलेत, त्यांची बाजारवेळ चुकते. कावा प्यायला बसलो की शिव्या खातो. सहा महिने करून बघू म्हणालेत. आकडे सुधारले नाहीत तर बंद.

मला नकाशावरून काढलं. आता मी माल विभागात आहे. लोकांची खोकी काट्यावर ठेवतो आणि जास्त झालं की सांगतो. फेआओ रोज येऊन काट्याकडे बघतो आणि म्हणतो, "आता बरोबर जागी आलास, पोरा. इथे खोटं वजन लगेच दिसतं." रागच येतो, पण मी पुढचं खोकं काट्यावर ठेवतो.

आता दुसरं.

लहानपणी वाइपुलूच्या घोड्याने आपल्या बाबांची उफीची सगळी ओळ तुडवली होती, आठवतं? दुसऱ्या दिवशी तो गळ्यात इफीच्या पानांची माळ घालून, अंगावर जुनी फाटकी चटई गुंडाळून आपल्या दारात जमिनीवर येऊन बसला. तोंडातून अक्षर नाही. आपण दोघं खिडकीतून बघत होतो आणि तुम्ही मला विचारलं होतं, "बाबा त्याला किती वेळ बसवतील?" बाबा बाहेर आले, त्याच्या गळ्यातली पानं काढली आणि त्याला उठवून जेवायला आत नेलं. तिथेच सगळं मिटलं. पानं काढली नसती तर तो तसाच परत गेला असता, आणि पुढे जन्मभर आपल्या दारावरून मान खाली घालून गेला असता.

शुक्रवारी सकाळी मी तशी माळ घातली आणि मंत्र्यांच्या फाटकात जाऊन बसलो. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. अर्ध्या तासाने त्यांची बायको बाहेर आली. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"तो फोन तुझा होता?"

"हो."

"दोनदा विचारलं मी, कोण म्हणून. हे आतल्या खोलीत होते. नाव सांगितलं असतंस तर मी यांना हाताला धरून आणलं असतं. माझा बाप असाच गेला, मला बघायला मिळाला नाही. 'नाही' म्हणाले असते का हे?"

तिने पानं काढली. मला उठवलं. आणि म्हणाली, "चटई मात्र मी पाठवणार नाही. तुझ्या आत्याला सांग, हवी तर स्वतः न्यायला ये."

घरी येऊन आत्याला सांगितलं. वाटलं, मारेल. पण ती एवढंच म्हणाली, "वर्षभर माझ्या तोंडून तू खोटं बोलवून घेतलंस. आणि तेही देवाच्या घरात." तिने सगळ्यांत मोठं डुक्कर सोडवलं, गाडीत घातलं, आणि आपण होऊन तिकडे गेली. संध्याकाळी चटई घेऊन आली. माझ्याशी अजून बोलत नाही. जेवण वाढते, पण ताट सरकवून देते.

ती चटई बाबांच्या कबरीवर अंथरायची की नाही, ते तुम्ही आल्यावर ठरवेन म्हणते. म्हणजे तुम्ही येणार हे तिने गृहीत धरलंय. मी धरलेलं नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर. नव्या वेळेचं पहिलं विमान. त्यात तुमच्या नावाने एक सीट ठेवलीय. माझ्या पगारातून, फुकट नाही, हे आवर्जून सांगतो, कारण तुम्ही आधी तेच विचाराल. हे पत्र या शनिवारच्या विमानाने निघेल आणि तुमच्या हाती शुक्रवारी पडेल. म्हणजे ठरवायला तुमच्याकडे सहा दिवस आहेत. तुम्ही नाही आलात तरी विमान येईल. शुक्रवारी संध्याकाळी सहाला, उजेडात.

विमानतळावर सगळे येतील. सेइनी, मुलं, आत्या. मी त्यांच्यात असणार नाही. एरवी बहीण आली की भाऊ गाडीमागे उभा राहून सामान उचलतो, तसाही नाही. दारातून बाहेर आलात की डाव्या हाताला जमिनीवर बघा. तुमच्याकडे मान वर करून मी कधी बघितलेलं नाही, तेव्हाही बघणार नाही. गळ्यात पानं असतील. तुम्ही पुढे निघून गेलात तर मला ते पावलांवरून कळेल, आणि मी तुम्हाला दोष देणार नाही.

बाबांनी जाताना विचारलं होतं, विमान आलं का. माझ्याकडून उत्तर चुकीचं गेलं. या वेळी उत्तर तुम्ही द्या.

दोनदा विचारूनही ज्याने नाव सांगितलं नाही, तो तुमचा भाऊ,
लिसियाते